दहा हजारांत इलेक्ट्रॉनिक्सचं टेबल: चिंचवडच्या दोन खोल्यांतलं एक प्रकरण

माझा भाचा चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. पॅनेल उघडणं, कॉन्टॅक्टर बदलणं, सेन्सरच्या वायरी तपासणं हे त्याचं रोजचं काम. पण इलेक्ट्रॉनिक कार्ड बिघडलं की ते काढून नवं बसवायचं, आत काय झालं ते कुणी विचारायचं नाही, याची त्याला चुटपुट लागून होती. घरी एक टेबल मांडावं, बंद पडलेले अॅडॉप्टर आणि एलईडी बल्ब उघडून बघावेत, जमलं तर आर्डुइनो (प्रोग्राम लिहून चालवायचा छोटा बोर्ड) शिकावं, असं त्यानं ठरवलं. दिवाळीच्या बोनसमधले १०,००० रुपये भाचेसुनेनं त्यासाठी मंजूर केले आणि वर सांगितलं, "मामा, ह्यात सगळं बसवा. नंतर आणखी मागायचं नाही."

घर चिंचवडमध्ये भाड्याचं, दोन खोल्यांचं. भिंतीला भोक पाडायची परवानगी नाही. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली साडेतीन फुटांची जागा मोकळी होती. घरात तीन वर्षांची मुलगी, जी हाताला लागेल ते आधी तोंडात घालते.

यादी घेऊन तो माझ्याकडे आला तेव्हा तिच्यात सगळ्यात वर 'कम्प्लीट सोल्डरिंग किट' होतं: ६० वॅटची इस्त्री, पाच बिटं (इस्त्रीची तापणारी टोकं), पिवळा मल्टिमीटर, पंप, चिमटे, सगळं मिळून बाराशेच्या आत. खाली सदतीस सेन्सरांचा डबा आणि छोट्या पडद्याचं ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) किट. किट वाईटच असतात असं नाही, पण त्यातली निवड विकणाऱ्यानं त्याच्या सोयीनं केलेली असते. आम्ही यादी बाजूला ठेवली आणि प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न लावला: ही वस्तू खोटं बोलली तर काय होईल? टेबल खोटं बोलू शकत नाही, तिथं पैसे वाचवा. मीटर खोटं बोलला तर चार संध्याकाळी वाया जातात. भिंतीतला अर्थिंगचा पॉइंट खोटं बोलला तर माणूस जातो.

भिंतीपासून सुरुवात

म्हणून पहिलं काम दुकानातलं नव्हतं. माझा मीटर घेऊन त्याच्या घरी गेलो आणि टेबलाजवळचा तीन पिनांचा सॉकेट तपासला. फेज ते न्यूट्रल २३४ व्होल्ट, ठीक. फेज ते अर्थ जवळजवळ तेवढेच यायला हवे आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्टच्या वर जाऊ नये. इथं दोन्हीकडे शंभरच्या आसपास आकडे दिसत होते आणि तेही हलत होते. डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध साधारण १० मेगाओम असतो, त्यामुळे अधांतरी लोंबकळणाऱ्या वायरीवरही तो काहीतरी व्होल्टेज दाखवतो. म्हणजे अर्थची पिन होती, पण ती कुठेच जोडलेली नव्हती. घरमालकानं इलेक्ट्रिशियन बोलावला. हिरवी वायर सॉकेटपर्यंत आली होती, खाली मीटरच्या बोर्डात मात्र ती नुसतीच गुंडाळून ठेवलेली निघाली. जोडणी झाल्यावर न्यूट्रल ते अर्थ एका व्होल्टच्या आत आलं. आपल्याकडच्या जुन्या भाड्याच्या घरांत हे इतकं सर्रास आहे की टेबल मांडणाऱ्यानं ही तपासणी आधी करावी. स्वतः सॉकेटमध्ये प्रोब घालायची भीती वाटत असेल तर इलेक्ट्रिशियनला दोनशे रुपये द्यावेत.

यादीतली सर्वांत महाग वस्तूही इथंच आली. प्लास्टिकच्या एका डब्यात ३० मिलिअँपिअरचा दोन पोलचा आरसीसीबी आणि ६ अँपिअरचा एमसीबी (करंट फार वाढला की तोडणारा स्विच) बसवला, त्यातून पुढे जाड वायरीचा एक्स्टेन्शन बोर्ड. सगळं मिळून सुमारे २,५०० रुपये, म्हणजे बजेटचा चौथा हिस्सा. भाचा कुरकुरला, "मामा, एवढ्यात स्कोपचं किट आलं असतं." आलं असतं. पण आरसीसीबी फेजनं गेलेला आणि न्यूट्रलनं परत आलेला करंट सतत ताडून बघतो. फरक ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला, म्हणजे करंट कुणाच्या तरी अंगातून जमिनीत चालला असं धरून तो तोडतो. भाड्याच्या घरातून निघताना डबा उचलून बरोबर नेता येतो, हाही फायदा.

तरी त्याच्या भरवशावर निर्धास्त राहायचं नाही. एका हातानं फेज आणि दुसऱ्यानं न्यूट्रल धरलं तर आरसीसीबीच्या लेखी तुम्ही एक बल्ब आहात, तो काही करणार नाही. आणि एसएमपीएस (अॅडॉप्टर, संगणक यांतला पॉवर सप्लाय) उघडला की आतल्या मोठ्या कपॅसिटरवर २३० गुणिले १.४१४, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात. प्लग काढल्यावरही ते काही काळ तसेच राहू शकतात. तो आधी रेझिस्टर लावून उतरवायचा, मीटरनं खात्री करायची आणि मगच बोट घालायचं.

टेबल

यात फार सांगण्यासारखं नाही. सासूबाईंच्या शिलाई मशीनचा लोखंडी स्टँड माळ्यावर पडून होता. सुताराकडून प्लायचा उरलेला तुकडा आणून त्यावर बसवला, वर दोन फूट बाय दोन फुटांची फरशी चिकटवली. फरशीला इस्त्रीचा चटका लागत नाही, पुसली की स्वच्छ. एकच खोड: बारीक स्क्रू पडला की टणकन उडून थेट पलंगाखाली. म्हणून कडेनं लाकडी पट्टी मारली. ६०० रुपयांत सगळं. पार्टांसाठी मिठाईचे प्लास्टिकचे डबे, झाकणावर मार्करनं नाव.

मीटर दोन, पण एकसारखे नाहीत

अडीचशे रुपयांचा पिवळा मीटर टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. पाच-बारा व्होल्टच्या कामाला तो चालतो. पण त्याच्या १० अँपिअरच्या सॉकेटला बहुधा फ्यूज नसतो, तिथंच तसं छापलेलंही असतं. प्रोब तिथं राहिली आणि चुकून २३० व्होल्टवर लागली की मीटरच शॉर्ट होतो. दुसरी गोष्ट, आतली ९ व्होल्टची बॅटरी उतरली की तो आकडे वाढवून सांगायला लागतो आणि आपल्याला वाटतं सर्किट बिघडलं.

मीटरच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. नाशिकचे ऋषभ आणि मोटवाने, नवी मुंबईचे मेको, असे उत्पादक जवळच आहेत आणि त्यांचे साधे हातातले मीटर आवाक्यात मिळतात. अशांपैकी एक सुमारे १,७०० रुपयांत घेतला. बघायच्या गोष्टी तीन: दोन्ही करंट रेंजला फ्यूज हवा आणि मोठ्या रेंजचा काचेचा नको, सिरॅमिकचा हवा, अंगावर कॅट थ्री ६०० व्होल्ट (सुरक्षिततेची प्रत) अशी नोंद हवी, कंटिन्यूटीची (वायर अखंड आहे हे सांगणारी) बीप प्रोब टेकताक्षणी वाजली पाहिजे. शेवटची गोष्ट दुकानातच करून बघायची. बीप उशिरा वाजणारा मीटर कार्डावर ट्रॅक (तांब्याच्या रेघा) शोधताना जीव नकोसा करतो. पिवळाही घेतलाच, कारण व्होल्टेज आणि करंट एकाच वेळी बघायची गरज पहिल्याच आठवड्यात पडते.

खरा कोण, हे ठरवायला टीएल४३१ नावाचा तीन पायांचा पार्ट घेतला, काही रुपयांचा. त्याचे रेफरन्स आणि कॅथोड हे दोन पाय एकत्र जोडायचे आणि मोबाइल चार्जरच्या ५ व्होल्टवरून १ किलोओममधून करंट द्यायचा. त्यावर २.४९५ व्होल्ट मिळतात, साध्या प्रतीत दोन टक्के आणि 'बी' प्रतीत अर्धा टक्का इकडेतिकडे. एवढ्या स्वस्तात घरात प्रमाण व्होल्टेज मिळतं, तरी हौशी लोक ते करत नाहीत याचं मला नवल वाटतं. भाच्यानं तो एका छोट्या तुकड्यावर जोडून ठेवलाय. पिवळा मीटर त्यावर २.६ च्या पुढे दाखवायला लागला की बॅटरी बदलायची.

सोल्डरिंग: निर्णय भाचेसुनेचा

साधी २५ वॅटची इस्त्री तीनेकशे रुपयांत येते आणि आपल्याकडच्या निम्म्या रेडिओ मेकॅनिकांनी आयुष्यभर तीच वापरली. माझा कलही तिकडेच होता; वाचलेल्या पैशांत दुसरं काही आलं असतं. पण सोल्डर वायरीवर शिसं लिहिलेलं भाचेसुनेनं वाचलं आणि विषय तिथंच मिटला. "घरात शिसं येणार नाही." शिसं सोल्डरिंगच्या तापमानाला वाफ होऊन उडत नाही, धूर फ्लक्सचा (सोल्डर नीट धरावं म्हणून वायरीत भरलेल्या रोझिनचा) असतो, हात धुतले की पुरे, हे सगळं मी सांगून पाहिलं. तिनं मुलीकडे बोट दाखवलं. फरशीवरून उडालेला सोल्डरचा मणी कुठं जातो हे आम्ही नुकतंच पाहिलं होतं. तिचं बरोबर होतं.

या एका निर्णयानं पुढचं सगळं फिरलं. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेली वायर १८३ अंशांना वितळते, बिनशिशाची, ९९.३ टक्के कथील आणि बाकी तांबं, २२७ ला. साध्या इस्त्रीला तापमानावर ताबा नसतो. रिकामी ठेवली की तापत राहते आणि मोठ्या तांब्याच्या पट्टीला टेकली की थंडावते. बिनशिशाच्या सोल्डरला हा खेळ मानवत नाही, नवशिक्याच्या हातात तर नाहीच. म्हणून तापमान ठरवता येणारं स्टेशन घेतलं, ९०० एम जातीची बिटं बसणारं, दोन जादा बिटांसह सुमारे १,९०० रुपये. त्याचा हीटर २४ व्होल्टवर चालतो आणि बिट अर्थच्या पिनला जोडलेलं असतं. म्हणजे भिंतीतल्या त्या हिरव्या वायरीचा उपयोग इथं पुन्हा झाला.

बिटांत टोकदार घेऊ नका. सगळे तेच घेतात, कारण बारीक कामाला बारीक टोक हवं असं वाटतं. टोकाला उष्णता पोहोचत नाही. दोन-अडीच मिलिमीटरचं चपटं, छिन्नीसारखं बिट जवळजवळ सगळं काम करतं. ते कानशीनं घासायचं नाही. जुन्या नुसत्या तांब्याच्या बिटाला ते चालायचं, हल्लीच्या बिटावर लोखंडाचा थर असतो, तो गेला की बिट गेलं. पुसायला पितळी तारेचा गोळा घ्यायचा, भांड्यांची स्टीलची घासणी नको.

सोल्डर वायर ही सगळ्यात बेमालूम खोटं बोलणारी वस्तू. गुंडाळीवर छापलेलं प्रमाण आणि आतला धातू जुळेलच असं नाही. वर दिलेली दोन्ही प्रमाणं अशी आहेत की वितळलेला थेंब एका क्षणात गोठतो. मधे लगद्यासारखा, हलवला तर सुरकुतणारा टप्पा लांबला, तर लेबल खोटं. चकाकीवर जाऊ नका, बिनशिशाचा चांगला जोडही जरा मळकटच दिसतो. वायर, फ्लक्स, जोड काढताना सोल्डर ओढून घेणारा डीसोल्डर पंप आणि ते शोषणारी तांब्याची विक मिळून ९०० गेले. नळजोडणीची पेस्ट घ्यायची नाही, तिच्यातलं आम्ल ट्रॅक खातं. रोझिनचा खडा आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये विरघळवला की उत्तम पातळ फ्लक्स होतो. जुन्या कार्डांवर शिसं असणारच, म्हणून पंपात जमलेला चुरा झाकणाच्या बाटलीत जातो. धुरासाठी जुन्या संगणकाचा १२ व्होल्टचा पंखा खिडकीकडे तोंड करून ठेवलाय. रोझिनच्या धुरानं दमा होऊ शकतो, याबद्दल मात्र हौशी मंडळी गाफील असतात.

बटण सेल टेबलावर ठेवायचेच नाहीत, हाही भाचेसुनेचाच नियम. ते वरच्या फळीवर, स्क्रूच्या झाकणाच्या डब्यात. गिळलेला बटण सेल अन्ननलिका जाळतो, शिशाहून तो धोका कितीतरी जवळचा आहे.

पॉवर सप्लाय

तयार ३० व्होल्ट ५ अँपिअरचा बेंच सप्लाय घेतला असता तर बजेटचा तिसरा हिस्सा गेला असता. जुन्या संगणकाचा एसएमपीएस वापरावा असा सल्ला सर्रास मिळतो. मला तो पटत नाही. त्याच्या १२ व्होल्टच्या लाइनला दहा-पंधरा अँपिअर सहज देता येतात. शिकाऊ माणसाच्या चुकीनं झालेला शॉर्ट त्याच्या संरक्षणाच्या मर्यादेत राहिला, तर एसएमपीएस शांतपणे बारीक वायर लाल होईपर्यंत करंट देत राहतो.

शिकणाऱ्याला ताकद नको, मर्यादा हवी. बंद पडलेल्या लॅपटॉपचा १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअरचा चार्जर घरात होता. त्याच्यापुढे एक्सएल४०१५ या चिपचं, व्होल्टेज आणि करंट दोन्ही ठरवता येणारं मॉड्यूल लावलं. त्यावरचे बारीक ट्रिमर काढून तेवढ्याच मूल्याचे पॅनेलवर बसणारे पॉट (हातानं फिरवायचे रेझिस्टर) जोडले, आकडे दाखवणारा डिस्प्ले आणि बनाना सॉकेट लावून सगळं स्विचबोर्डाच्या प्लास्टिक डब्यात बसवलं. खर्च ६०० रुपये. मॉड्यूलवर '५ अँपिअर' छापलंय. तीनच्या वर गेलं की हात लावून बघा किती तापतं ते. आम्ही दोनच धरलेत.

वापरायची रीत अशी. नवं सर्किट जोडण्याआधी आउटपुट मुद्दाम शॉर्ट करायचं आणि करंटचा पॉट फिरवून डिस्प्लेवर १५० मिलिअँपिअर येतील असं ठेवायचं. मग शॉर्ट काढून व्होल्टेज लावायचं. साधा आर्डुइनो बोर्ड पन्नासेक मिलिअँपिअर घेतो. जोडल्यावर व्होल्टेज ५ वरून एकदम १ वर आलं, तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण काही जळलेलं नाही. भाच्यानं एकदा ध्रुव उलटे लावलेला कपॅसिटर असाच वाचवला.

या सप्लायची एक मर्यादा दाजींच्या जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओनं दाखवून दिली. सेलऐवजी यावर लावला तर आकाशवाणी पुण्याच्या ७९२ किलोहर्ट्झवर नुसती खरखर. ती चिप १८० किलोहर्ट्झनं चालू-बंद होते आणि तिच्या पटी, ५४०, ७२०, ९००, सगळ्या मध्यम लहरींच्या पट्ट्यातच येतात. चार्जरचा स्वतःचा गोंगाट वेगळाच. उपाय जुनाच: ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि व्होल्टेज स्थिर ठेवणारी एलएम३१७ चिप. व्होल्टेज तिच्या दोन रेझिस्टरांनी ठरतं. सूत्र १.२५ गुणिले (१ + आर२/आर१). आर१ २२० आणि आर२ ८२० ओम लावले की ६ व्होल्टला जेमतेम नव्वदेक मिलिव्होल्ट कमी. रेडिओ स्वच्छ बोलायला लागला आणि घरातला सगळ्यात जुना माणूस या टेबलाच्या बाजूनं झाला.

मेन्सवरच्या (थेट २३० व्होल्टवरच्या) कामासाठी सिरीज बोर्ड वेगळा: होल्डरात ६० वॅटचा पिवळा, तारेचा बल्ब, दुरुस्तीची वस्तू त्याच्याशी सिरीजमध्ये. वस्तू पूर्ण शॉर्ट असली तरी बल्ब पाव अँपिअरच्या वर जाऊ देत नाही, नुसता पूर्ण पेटतो. एलईडी बल्ब इथं चालत नाही.

उरलेले

हत्यारांत नाशिकच्या तपारियाचा कटर आणि नोज प्लायर, दोन चिमटे, बारीक स्क्रूड्रायव्हर: ८५०. बारीक अक्षरं वाचायला भिंग नाही घेतलं, मोबाइलचा कॅमेरा पुरतो. रेझिस्टरचा ई१२ या प्रमाण मूल्यांच्या मालिकेतला एक संच घेतला. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर मात्र लागतील तसेच, ते पडून पडून खराब होतात. ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता पार्ट खोचून जोडायची पट्टी) आणि पार्ट मिळून ६००. जंपर वायरींना लोहचुंबक लावून बघा. चिकटल्या तर आत पोलाद आहे. केबलवाल्यानं टाकलेला लॅन केबलचा तुकडा सोलला की ब्रेडबोर्डसाठी उत्तम वायर मिळते, फक्त खरवडून आत तांब्याचा रंग आहे ना ते पाहावं. हल्ली पुष्कळ केबलींत वरून तांबं नि आत ॲल्युमिनियम असतं.

खरेदी बहुतेक पुण्यातल्या तपकीर गल्लीत, मेट्रोनं कसबा पेठेला उतरून. मीटर आणि इस्त्रीसारख्या वस्तू हातात घेऊन बघाव्यात, म्हणून दुकान. मॉड्यूल ऑनलाइन. ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक आणि डबे मंगळवार पेठेजवळच्या जुन्या बाजारात, जो बुधवारी आणि रविवारी भरतो. एकूण ९,९०० च्या आसपास. एलएम३१७ चा सप्लाय उरलेल्या शंभरात आणि भंगारातल्या ट्रान्सफॉर्मरवर झाला.

नंतर काय झालं

पैसे संपल्याचा एक फायदा झाला. भाच्याचा आय-टू-सी वर (दोन वायरींवरून, प्रत्येक चिपला पत्ता देऊन बोलायच्या पद्धतीवर) चालणारा एलसीडी पडदा काही केल्या उजळेना. पाचशे रुपयांचा लॉजिक ॲनालायझर (डिजिटल सिग्नल टिपून दाखवणारं यंत्र) घेऊ का, असं तो विचारत होता. त्यापेक्षा आर्डुइनोवर पत्ते धुंडाळणारा छोटा प्रोग्राम चालव म्हटलं. पडद्यामागच्या चिपचा पत्ता निघाला हेक्साडेसिमल ३एफ, प्रोग्रामात लिहिलेला होता २७. पीसीएफ८५७४ आणि पीसीएफ८५७४ए या दोन चिपांत फरक एवढाच की पत्त्यांचा पट्टा वेगळा. विकणारा दोन्ही एकाच चित्राखाली विकतो. ॲनालायझर अजून घेतलेला नाही.

एलईडी बल्ब आणि अॅडॉप्टर शेजारपाजारहून येत राहतात. बल्बांत बहुतेक वेळा एकच एलईडी गेलेला असतो आणि त्यामुळे अख्खी माळ बंद. बल्बातल्या, मेन्सपासून विलग नसलेल्या ड्रायव्हर सर्किटवर चालू असताना हात घालायचा नाही, हा नियम टेबलाच्या पट्टीवरच लिहिलाय.

आता पुन्हा स्कोपचा विषय निघालाय, आणि या वेळी भाचेसूनच पुढच्या बोनसचं बोलतेय. किटमधल्या छोट्या स्कोपची मजल २०० किलोहर्ट्झपर्यंत. आमच्या १८० वर चालणाऱ्या सप्लायची चौकोनी लहरही त्यात गोल दिसेल. माझा कल कॉलेजांच्या लिलावातून जुन्या बाजारात येणाऱ्या २० मेगाहर्ट्झच्या जुन्या सीआरओकडे (काचेच्या पिक्चर ट्यूबच्या ऑसिलोस्कोपकडे) आहे, त्याला टेबलाची खोली पुरेल का हे मोजायचं बाकी आहे. घेताना पुढच्या कॅलिब्रेटरच्या (चाचणीची लहर देणाऱ्या) टोकाला प्रोब लावून चौकोनी लहर पडद्यावर स्थिर दिसली पाहिजे, दोन्ही चॅनेलवर, आणि व्होल्टचं प्रत्येक बटण फिरवून. तेवढं दुकानदारानं दाखवल्याशिवाय पाकीट काढू नकोस, एवढं भाच्याला सांगून ठेवलंय.